झोपण्याआधी एकदा

मे महिन्याचं नागपूर. रात्री साडेबारालाही
भिंत हाताला भाजते.
त्रिमूर्ती नगरच्या आमच्या दोन खोल्यांत
कूलर घरघरतो, वाळ्याचा वास,
आणि माझ्या पडद्यावर
नऊ हजार तीनशे बारावी चाचणी
अडकून बसलेली.

चूक दाखवत नाही. कोसळतही नाही.
नुसती थांबलेली,
दारात एक चप्पल घालून झाल्यावर
कुठं निघालो होतो ते विसरावं, तशी.

भाषेचं नाव सरकी.
शैलेश ढोबळेनं ठेवलं,
त्याचे वडील जिनिंगमध्ये कामाला होते म्हणून.
आम्ही सात जण, पगार कुणालाच नाही.
कंपायलर आता बऱ्यापैकी शहाणा झालाय:
पूर्वी नुसतं 'चुकलं' म्हणून मोकळा व्हायचा,
आता ओळीचा आकडा सांगतो,
विसरलेली शाखा दाखवतो,
वर विचारतो, तुम्हाला हे म्हणायचं होतं का?

रनटाइमचं तसं नाही.
तिथं हजारो कामं आणि आठ कामगार.
ज्याच्या हाताला काम नाही त्यानं
शेजाऱ्याच्या रांगेतून उचलावं,
तिथंही नसेल तर झोपावं.
काम आलं की कुणीतरी हाक मारेल.

हाक मारली होती.
तीन रात्री लॉग वाचले मी, हाक गेली होती.
फक्त ज्याला गेली तो त्या क्षणी
झोपलेला नव्हता अजून, धड जागाही नव्हता;
रांग रिकामी आहे हे पाहून झालं होतं,
डोळे तेवढे मिटायचे होते.
त्या फटीत हाक पडली
आणि कुणाचीच झाली नाही.
मग तो झोपला.
अजून झोपलाय.

शैलेश म्हणतो, दर दहा मिलिसेकंदांनी
सगळ्यांना हलवून उठवू.
मी म्हटलं, हा उपाय नाही,
ही होस्टेलची वॉर्डन झाली.

"काहून जागून राहिली वो?"
बाबा. बत्तीस वर्षं केबिनमध्ये काढली त्यांनी,
जिथं दिल्लीकडची लाइन हावड्याच्या लाइनला
रुळावर रूळ ठेवून कापून जाते.
हे ऐकलं की आमचे लोक खूश होतात:
वा, म्हणजे लॉक तुझ्या रक्तातच!
बाबांना ते पटत नाही.
"लिव्हर ओढला म्हणजे झालं नसते.
फोनवर नंबर सांगा लागते,
समोरच्यानं तोच नंबर परत म्हणा लागते.
मंग गाडी."

निवृत्तीला अकरा वर्षं झाली, क्रम तोच:
आधी मोठ्यानं जाहीर करायचं, "मी झोपतो वो."
पलंगापर्यंत जाऊन परत यायचं.
कडी चाचपायची, गॅसची कळ,
कूलरच्या टाकीत बोट बुडवून बघायचं,
मगच आडवं व्हायचं.
लहानपणापासून मी चिडत आले,
झोपतो म्हणालात ना, मग झोपा ना!

आज त्यांचा हात कडीवर होता
आणि मी खुर्चीत ताठ झाले.

आधी सांगायचं. मग पुन्हा बघायचं. मग झोपायचं.
आम्ही बघत होतो,
आणि बघून झाल्यावर सांगत होतो.

दोन ओळींची अदलाबदल.
मध्ये एक कुंपण, प्रोसेसरनं आगाऊपणा करून
त्या पुन्हा उलटवू नयेत म्हणून.
'सुचवणाऱ्याचं नाव' या रकान्यात लिहिलं:
दशरथ बुरडे, केबिनमन.

चाळीस हजार वेळा चालवलं.
पहाटे टाकीतलं पाणी संपून पंप कोरडा खडखडला
तेव्हा एकोणचाळीसाव्या हजारात होतं,
आणि कुणी झोपून राहिलं नव्हतं.

सकाळी शैलेशचा निरोप:
इकडेही पास. फक्त जुन्या फोनच्या चिपवर
अजून एक वेगळं अडकतंय,
साडेपाच लाखांत एकदा.

बाबा कोपऱ्यावरून तर्रीपोहे घेऊन आले होते.
मी वाचून दाखवलं, हसत,
साडेपाच लाखांत एकदा, बाबा.

त्यांनी तर्रीची पिशवी सोडली, पोह्यांवर ओतली.
हसले नाहीत.
"आमच्याकडं," म्हणाले,
"तो एकच पुरे होता."